सीमाप्रश्नाचे वर्तमान आणि समतोल राजकीय इतिहासाचे वाचन

प्रास्ताविक

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या शेजारी राज्यांच्या विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतराने परस्परविरोधी ठराव संमत केले. २२ डिसेंबर रोजी कर्नाटकाने आपल्या भूमीचा कोणताही भाग न देण्याचा निर्धार व्यक्त केला. २७ डिसेंबर रोजी महाराष्ट्राने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह ८६५ गावांवरील आपला हक्क पुन्हा प्रतिपादन केला. तत्पूर्वी ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली होती आणि १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीस पाचारण केले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसवाहकास झालेल्या मारहाणीचे निमित्त होऊन दोन्ही राज्यांमधील बससेवा काही काळ खंडित झाली.

अशा घटना घडल्या म्हणजे महाविद्यालयातील वर्गात प्रश्न विचारले जातात. राज्यशास्त्राच्या वा इतिहासाच्या प्राध्यापकाकडेच ते येतात असे नाही. मराठीच्या, भूगोलाच्या, क्वचित वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकासही विद्यार्थी विचारतात की, यात खरे कोणाचे? उत्तर देताना आपल्या हाताशी बहुधा वृत्तपत्रातील चार स्तंभ आणि लहानपणापासून ऐकलेली एक कथा एवढेच साहित्य असते. वृत्तपत्र शेवटची घटना सांगते, तर कथा केवळ आपली बाजू सांगते. या दोहोंमधील रिकामी जागा समतोल राजकीय इतिहासाच्या ग्रंथाने कशी भरून निघते, हे सीमाप्रश्नाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण मुद्दाम जवळचे घेतले आहे. दूर देशीच्या वादात समतोल राखणे कोणासही जमते. ज्या प्रश्नात आपले मन गुंतलेले आहे तेथे तो राखता येतो की नाही, हीच खरी परीक्षा होय.

समतोल या शब्दाचा अर्थ

समतोल इतिहास म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी पाने देणारा इतिहास, असा एक समज रूढ आहे. तो स्वीकारल्यास इतिहासलेखन हे वाटणीपत्र होईल. पुराव्याचे पारडे एका बाजूस झुकत असेल तर ते झुकते आहे असे सांगणे इतिहासकारास भागच आहे. निष्कर्ष न काढणारा लेखक समतोल नसतो, तो केवळ सावध असतो.

ग्रंथाचा समतोल ओळखण्याची खूण वेगळी आहे. प्रतिपक्षातील जाणत्या वाचकाने तो ग्रंथ वाचला तर त्याला आपली कारणे त्यात ओळखू यावीत. निष्कर्ष मान्य नसला तरी चालेल, परंतु ‘आम्ही हे का मागितले ते येथे नीट सांगितले आहे’ असे त्याने म्हणावे. याला जोडून दुसरी अपेक्षा अशी की, लेखकाने एका ठिकाणी लावलेला निकष दुसऱ्या ठिकाणी, आपल्याला गैरसोयीचा असला तरी, लावून पाहिलेला असावा. सीमाप्रश्नाच्या बाबतीत ही दुसरी अपेक्षा फारच महत्त्वाची ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

एकाच शहराच्या दोन स्मृती

मराठी वाचकाच्या मनात बेळगावचा राजकीय इतिहास सामान्यतः मे १९४६ पासून सुरू होतो. त्या वर्षी ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव संमत झाला. ज्या शहरात या मागणीस संघटित स्वरूप मिळाले तेच शहर महाराष्ट्राबाहेर राहिले, ही खंत पुढील सर्व लेखनात पुनःपुन्हा प्रकट झाली आहे आणि ती अकारण नाही.

कन्नड वाचकाच्या मनातील प्रारंभबिंदू मात्र निराळा आहे. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषांनुसार केली, तेव्हा बेळगाव कर्नाटक प्रांतिक समितीकडे गेले. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरले ते कर्नाटकाच्या यजमानपदाखाली. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले काँग्रेसचे हे एकमेव अधिवेशन होय. कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीत या अधिवेशनाच्या आठवणीस मोठे स्थान आहे.

आता यातील एक तपशील पाहावा. १९२४ च्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे हे बेळगाव जिल्ह्यातील हुदलीचे, लोकमान्य टिळकांचे निकटचे अनुयायी आणि मराठी भाषक होते. त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हटले जाई. त्यांचे आत्मचरित्र मात्र मराठीत आहे. आजच्या घोषणांच्या भाषेत गंगाधररावांना कोणत्या बाजूस बसवावे? दोन्ही बाजूंच्या प्रचारपुस्तिकांना हा गृहस्थ अडचणीचा वाटतो आणि म्हणूनच तो त्यांत क्वचित भेटतो. समतोल ग्रंथात असे अडचणीचे लोक गाळलेले नसतात. किंबहुना, एखादे पुस्तक हाती आले की त्यातील अशा व्यक्तींचा शोध घ्यावा, अशी सूचना करावीशी वाटते.

कन्नड बाजूची पार्श्वभूमीही याच ठिकाणी समजून घेणे इष्ट ठरेल. कन्नड भाषक प्रदेश स्वातंत्र्यापूर्वी मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर व कूर्ग अशा वेगवेगळ्या राजवटींत विभागलेला होता. मुंबई इलाख्यातील कन्नड जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकात शाळा व कचेरी यांवर मराठीचा प्रभाव होता. कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पांनी केलेले प्रयत्न आणि १८९० मध्ये धारवाड येथे स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ यांचा संदर्भ या परिस्थितीशी आहे. तात्पर्य, आज बेळगावातील मराठी माणसाला आपल्या भाषेविषयी जी काळजी वाटते, ती धारवाड-बेळगावच्या कन्नड माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठीच्या संदर्भात अनुभवलेली आहे. हे वाक्य मराठी वाचकास रुचणारे नाही. परंतु ते ठाऊक नसल्यास कर्नाटकाची बेळगावविषयीची तीव्रता केवळ हट्ट वाटू लागते.

निकषांचा प्रश्न : मुंबई, बळ्ळारी आणि बेळगाव

डिसेंबर १९५३ मध्ये नियुक्त झालेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी आपला अहवाल सादर केला. सय्यद फाजल अली हे अध्यक्ष आणि हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर हे सदस्य होते. आयोगाने सामान्यतः जिल्हा हा पुनर्रचनेचा घटक मानला. बेळगाव जिल्ह्यातील मराठीबहुल चंदगड तालुका तेवढा वगळून उर्वरित जिल्हा त्याने कर्नाटकास देण्याची शिफारस केली. बेळगाव शहरात मराठी भाषकांचे बहुमत होते, हे आयोगास ठाऊक होते. तथापि जिल्ह्याचा मोठा भाग जेथे जातो तेथेच जिल्ह्याचे ठिकाणही जावे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तोच दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून आणि सीमाभागातील मराठी भाषकांत काळा दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्राची भूमिका अशी की, घटक जिल्हा नसून खेडे असावे आणि खेडे, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा या चार तत्त्वांवर सीमा ठरावी. आंध्र व मद्रास यांच्यातील सीमावाद ह. वि. पाटसकर यांच्या मध्यस्थीने खेडे हा घटक धरून सुटला आणि १ एप्रिल १९६० पासून तो निवाडा अमलात आला. तेथे जे शक्य झाले ते येथे का होऊ नये, हा महाराष्ट्राचा प्रश्न तर्कदृष्ट्या बळकट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९५७ मध्ये मुंबई राज्याने केंद्रास सादर केलेल्या निवेदनात ८१४ गावांची मागणी होती आणि त्याच तत्त्वानुसार सुमारे २६० गावे म्हैसूरला देण्याची तयारीही होती. हा दुसरा भाग आज मराठी भाषणांतून बहुधा वगळला जातो. वास्तविक, तत्त्व आपल्या विरुद्ध गेले तरी मान्य, असे सांगणारा तो भाग महाराष्ट्राच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा होय.

परंतु समतोल ग्रंथ वाचक येथेच थांबू शकत नाही. त्याच काळातील मुंबईचा वाद त्याच्यासमोर येतो. मुंबई शहरात १९५१ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक सर्वांत मोठा गट असले तरी निम्म्याहून कमी होते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृतींच्या पुढाकाराने चाललेल्या प्रयत्नांत या संख्येवरच भर होता : शहर बहुभाषिक आहे, म्हणून ते स्वतंत्र ठेवा. त्यावर महाराष्ट्राचे उत्तर असे होते की, शहर त्याच्या पाठीमागील प्रदेशापासून तोडता येत नाही. त्याचे पाणी, वीज, कामकरी वर्ग व भूगोल त्या प्रदेशाशी जोडलेले आहेत. शहरातील भाषिक टक्केवारी हा एकमेव निकष होऊ शकत नाही. हा युक्तिवाद योग्य होता. आता याच वाक्यांतील ‘मुंबई’ काढून ‘बेळगाव’ हा शब्द घालून पाहावा. कर्नाटकाची बाजू जवळजवळ शब्दशः तयार होते.

यावरून महाराष्ट्र दुटप्पी ठरतो असा निष्कर्ष घाईने काढू नये. कारण कर्नाटकाचा बळ्ळारीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९५३ मध्ये आंध्र राज्य निर्माण होताना बळ्ळारीचा कन्नडबहुल भाग भाषेच्या आधारे म्हैसूरकडे गेला. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने तुंगभद्रा प्रकल्प आणि प्रशासकीय सोय यांकडे पाहून बळ्ळारी व लगतचा भाग आंध्रला देण्याची शिफारस केली. तेव्हा कर्नाटकाने सोयीपेक्षा भाषा श्रेष्ठ असा आग्रह धरला आणि केंद्र सरकारने तो मान्य करून आयोगाची शिफारस बाजूला ठेवली. म्हणजे बळ्ळारीत भाषा प्रमाण व सोय गौण, बेळगावात सोय प्रमाण व भाषा गौण. महाराष्ट्राचे मुंबईत सलग प्रदेश प्रमाण, बेळगावात भाषिक बहुसंख्या प्रमाण. दोन्ही राज्यांनी दोन्ही युक्तिवाद वापरलेले आहेत आणि प्रत्येकाने ते प्रामाणिकपणे, आपल्या लोकांच्या हितासाठी वापरलेले आहेत.

बळ्ळारीच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट उघड होते. आयोगाचा अहवाल अंतिम आहे, त्यास हात लावता येत नाही, असे कर्नाटकातील नेते बेळगावबाबत सांगत आले. परंतु तोच अहवाल बळ्ळारीबाबत अंतिम ठरला नव्हता. स्वतंत्र विदर्भाची शिफारसही अमलात आली नाही, हे मराठी वाचकास सांगावयास नकोच. केवळ बेळगावचा इतिहास वाचणाऱ्यास हे दिसत नाही. संपूर्ण पुनर्रचनेचा इतिहास वाचणाऱ्यासच ते दिसते. वर्तमान समजण्यासाठी सुटी माहिती पुरत नाही, सलग ग्रंथ लागतो, असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

महाजन आयोग व नंतर

यापुढील घटनाक्रम अधिक परिचित असल्याने संक्षेपाने सांगता येईल. १९६० मधील चार सदस्यांच्या समितीतून काही निष्पन्न झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागांतील मिळून २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत. बेळगाव मात्र आहे तेथेच राहावे, असा तो होता. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. आयोगाने बेळगावला एक निकष आणि कासरगोड वा अक्कलकोटला दुसरा निकष लावला, हा मुख्य आक्षेप होता. आयोग तुम्हीच मागितला होता, हे कर्नाटकाचे उत्तर. दोन्ही विधाने खरी आहेत. २००४ मध्ये महाराष्ट्राने संविधानाच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्यांच्या सीमा ठरविण्याचा अधिकार अनुच्छेद ३ अन्वये संसदेचा आहे, असे कर्नाटकाचे म्हणणे राहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील ४० गावांचा विषय काढला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून आश्चर्य व्यक्त झाले. महाजन अहवाल ज्याने वाचला आहे त्यास आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. मात्र २०१२ मध्ये जत भागातील ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे जे ठराव केले, त्यांचे मूळ भाषेत नसून पाण्याच्या टंचाईत होते. सीमेवरील सामान्य माणूस सरकारकडे भाषेसाठी जसा पाहतो तसाच पाण्यासाठीही पाहतो, याची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

दुसरे उदाहरण १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे. बेळगावच्या मराठी समाजाने ही सक्ती आपल्या अस्तित्वावरील आघात म्हणून अनुभवली व तो अनुभव खराच होता. परंतु त्या धोरणामागील १९८१ चा गोकाक समितीचा अहवाल ज्या वादातून निघाला, तो वाद मुख्यतः माध्यमिक शाळांत प्रथम भाषा म्हणून संस्कृतला मिळालेल्या स्थानाविषयीचा होता. धारवाड-बंगळूरच्या आंदोलकांच्या दृष्टीपुढे बेळगाव फारसे नव्हते. एका प्रांताच्या अंतर्गत वादातून निघालेला उपाय सीमेवरील अल्पसंख्य समाजावर कसा येऊन आदळतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. हेतू वाईट नसताना परिणाम अन्याय्य होऊ शकतो, हे शब्दांनी सांगून वर्गात पटत नाही, या उदाहरणाने पटते.

कराराचा विसरलेला अर्धा भाग

भाषावार पुनर्रचना कितीही काळजीपूर्वक केली तरी सीमेच्या दोन्ही बाजूंस भाषिक अल्पसंख्य उरणारच, हे १९५६ मध्ये सर्वांना कळत होते. म्हणून त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०-क व ३५०-ख समाविष्ट झाले. पहिल्याने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगितले, तर दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. या आयुक्तांचे कार्यालय १९५७ मध्ये अलाहाबाद येथे सुरू झाले आणि त्याचे एक विभागीय कार्यालय पुढे बेळगावातच स्थापन झाले. सीमाप्रश्नावरील किती भाषणांत या कार्यालयाचा उल्लेख येतो?

नकाशावरील रेषा आणि रेषेच्या आतील अल्पसंख्यांचे रक्षण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. पैकी पहिल्यावर सहा-सात दशके भांडण झाले. दुसऱ्याचा पाठपुरावा मात्र तुटक झाला. अक्कलकोट-जतमधील कन्नड शाळा आणि बेळगाव-खानापुरातील मराठी शाळा यांचा प्रश्न एकच आहे, ही जाणीव दोन्ही राज्यांत क्षीण राहिली. दरम्यान राजकीय वास्तव बदलले. ज्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार १९५७ पासून सीमाभागातून निवडून येत, तिचा २०१८ व २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत एकही उमेदवार विजयी झाला नाही. याचा अर्थ लोकेच्छा बदलली असा लावावा, की पक्ष फुटला असा, की नव्या पिढीने दुसरे प्रश्न महत्त्वाचे मानले असा? २०१२ मध्ये बेळगावात उद्घाटन झालेले सुवर्ण विधानसौध याही प्रश्नांच्या उत्तरात कोठेतरी उभे आहे. रेषा कोठेही राहो, मातृभाषेतील शाळा व सरकारी कागद यांची गरज मात्र उद्याही राहणार आहे.

ग्रंथांची निवड व वर्गातील उपयोग

प्राध्यापकाने कोणते ग्रंथ हाती घ्यावेत? रामचंद्र गुहा यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इंडिया आफ्टर गांधी’ हा ग्रंथ, ज्याचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे, पुनर्रचनेचे अखिल भारतीय चित्र देतो. भाषिक राज्यांनी देशाची एकात्मता दुर्बल न करता दृढ केली, असा त्यांचा एकूण अभिप्राय आहे आणि तो पटण्याजोगा आहे. तथापि देशाच्या पातळीवरून पाहताना खानापूरचे खेडे लहान दिसणे अपरिहार्य असते. त्याकरिता य. दि. फडके यांच्याकडे वळावे लागते. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे त्यांचे खंड आणि भाषा व राजकारण या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ यांवाचून या प्रश्नाचा अभ्यास अपुरा राहील. फडके २००० साली बेळगाव येथेच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. लेखकाची सहानुभूती आणि लेखकाची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या लेखनाच्या आधारे विद्यार्थ्यांस दाखविता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ व १९५५ मधील भाषिक राज्यांवरील दोन पुस्तिका एकापाठोपाठ वाचाव्यात. पहिलीत एकसंध मराठी प्रांताचा पुरस्कार आहे, तर दुसरीत मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये असावीत असा विचार आहे. मत बदलले एवढेच सांगून थांबू नये. लहान समाजांचे मोठ्या राज्यात काय होईल, ही जी चिंता दुसरीत आहे ती सीमाभागाच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. उघडपणे एका बाजूची असलेली पुस्तकेही वर्ज्य मानू नयेत. महाजन अहवालाची चिकित्सा करणारे बॅ. अंतुले यांचे पुस्तक असे आहे. ते वकिलाचे लेखन म्हणून वाचले तर त्यापासून पुष्कळ शिकता येते, न्यायाधीशाचे म्हणून वाचले तर फसगत होते. कन्नड वाचता येणारा सहकारी महाविद्यालयात असेल, आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात तो असतोच, तर त्याच्याकडून कन्नड पुस्तकातील बेळगावविषयक एखादे प्रकरण तोंडी अनुवादित करून घ्यावे.

वर्गासाठी एक साधा प्रयोग सुचविता येईल. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालातील मुंबई, बळ्ळारी व बेळगाव यांविषयीचे परिच्छेद घ्यावेत, त्यांतील शहरांची, राज्यांची व भाषांची नावे काढून त्या जागी ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी अक्षरे घालावीत आणि प्रत्येक शहर कोठे जावे याचा निर्णय कारणांसह लिहून घ्यावा. नावे उघड करण्यापूर्वी उत्तरपत्रिका गोळा कराव्यात, म्हणजे नंतर कोणास खाडाखोड करता येणार नाही. त्यानंतर ज्याने तिन्ही ठिकाणी एकच निकष लावला असेल त्याला तो निकष फळ्यावर लिहावयास सांगून, त्यानुसार मुंबई आणि बेळगाव कोठे जातात हे सर्वांसमक्ष मांडावयास सांगावे. त्या तासाला मराठी व कन्नड मातृभाषेचे विद्यार्थी एकाच बाकावर असतील तर उत्तम.